मूत्र-असंयम, दुर्बल वृद्ध स्त्रियांमधील

इच्छा नसताना लघवी होणे, मग ती थेंबभर असो की लुगडे भिजण्याइतकी, म्हणजे मूत्र-असंयम. बोलीत ‘लघवी धरवत नाही’ किंवा ‘लघवी सुटते’ म्हणतात. बहुतेक बायका यातले काहीच म्हणत नाहीत. लग्नाकार्याला जाणे बंद होते, एसटीचा प्रवास नको वाटतो, देवपूजा सुनेकडे सोपवली जाते, आणि घरचे समजतात की आता वयामुळे हौस राहिली नाही.

ही नोंद सरसकट सगळ्या वृद्धांविषयी नसून दुर्बल वृद्ध स्त्रियांविषयी आहे. दुर्बलता म्हणजे नुसते वय नव्हे. अमेरिकी संशोधक लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिच्या पाच खुणा ठरवल्या : नकळत वजन घटणे, सततचा थकवा, मुठीची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास ती व्यक्ती दुर्बल. अशा शरीरात राखीव ताकद उरलेली नसते, त्यामुळे बारीकशा कारणानेही लघवीवरचा ताबा सुटतो. ब्रिटिश वृद्धवैद्य बर्नार्ड आयझॅक्स यांनी पडणे, अंथरुणाला खिळणे आणि बुद्धी मंदावणे यांच्या जोडीला याही विकाराला वार्धक्यातल्या ‘राक्षसां’मध्ये बसवले होते.

निरोगी मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते. दीडशे-दोनशे साठली की पहिली जाणीव होते आणि ‘थांब, अजून योग्य जागा मिळालेली नाही’ हे मेंदू सांगतो. वयाबरोबर ही साठवण कमी होते. मूत्राशयाचा स्नायू अवेळी आवळतो, मेंदूचा लगाम सैल पडतो, आणि पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटल्याने मूत्रमार्गाचे अस्तर विरळ होते. बाळंतपणांत ताणलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुढे आणखी ढिले पडतात. काहींचे ‘अंग बाहेर येते’. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना गळणारी लघवी ही ताणाची. लागली म्हणता म्हणता सुटणारी ती घाईची. म्हातारपणी अनेकींना दोन्ही असतात. दुर्बल वृद्धांत आणखी एक विचित्र जोडी दिसते : मूत्राशय अकारण आवळतो, पण पुरता रिकामा होत नाही. नील रेझनिक व सुब्बाराव यल्ला यांनी १९८७ मध्ये तिचे वर्णन केले. घाईची गोळी देण्याआधी मूत्राशयात किती लघवी उरते हे सोनोग्राफीने पाहतात ते यासाठीच.

तरीही दुर्बल स्त्रीच्या बाबतीत सगळा दोष मूत्राशयाला देणे चुकीचे आहे. रात्रीचे दोन वाजलेत, सत्तरी ओलांडलेल्या बाईला लघवी लागली आहे. दिवा लावायला भिंत चाचपायची, गुडघ्यावर हात टेकून उठायचे, कडी काढायची, अंगण ओलांडायचे किंवा चाळ असेल तर गॅलरीच्या टोकापर्यंत जायचे, तिथे नऊवारीचा कासोटा सोडायचा आणि वाकत नसलेले गुडघे घेऊन उकिडवे बसायचे. मूत्राशयाने दोन मिनिटे दिली होती. या सगळ्याला पाच लागतात. इथे औषधाने जेवढे साधते त्याहून जास्त खाटेजवळचे भांडे, कमोडची खुर्ची, रात्रभर जळणारा लहान दिवा, भिंतीला धरायचा दांडा आणि सुटसुटीत गाऊन यांनी साधते. घाईने उठण्यात पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका आहे, म्हणून ही केवळ सोयीची बाब नव्हे.

बरी होण्याजोगी तात्पुरती कारणे आठवावीत म्हणून रेझनिक यांनी इंग्रजी आद्याक्षरे जुळवून लंगोटाच्याच नावाचा, ‘डायपर्स’ असा शब्द तयार केला. त्यात अचानक आलेला भ्रम, संसर्ग, मूत्रमार्गाचे शुष्क अस्तर, औषधे, मनाची उदासी, अति लघवी, अडलेली हालचाल आणि बद्धकोष्ठ येते. शेवटचे क्षुल्लक वाटते, पण गुदाशयात खडा धरलेला मळ मूत्राशयाला दाबतो, आणि तो निघाला की कधी कधी लघवीची तक्रारही जाते. संसर्गाबाबत उलट सावधगिरी हवी. वृद्धाश्रमांतल्या स्त्रियांच्या लघवीत जंतू सापडणे अगदी नेहमीचे आहे; जळजळ, ताप किंवा नव्याने वाढलेला त्रास नसेल तर नुसत्या तपासणीच्या कागदावरून प्रतिजैविके देऊ नयेत.

औषधांचा डबा उघडून पाहणे ही खरी तपासणी. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र जागून जाते. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने पायांना सूज येते आणि आडवे झाल्यावर ते पाणी लघवीवाटे निघते. प्रॅझोसिन मूत्रमार्ग सैल करते. झोपेच्या गोळीने लागल्याची जाणीवच उशिरा होते. विसराळूपणासाठी डोनेपेझिल दिले, त्याने लघवी सुटू लागली, ती थांबवायला ऑक्सिब्युटिनिन दिले, आणि त्याने विसराळूपणा वाढला, असे चक्रही दिसते.

उपचाराची सुरुवात तीन दिवसांच्या वहीने होते : किती वाजता, किती प्यायले, किती झाली, कधी सुटली. लघवीच्या भीतीने पाणी तोडणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्याने लघवी दाट होऊन घाई वाढते आणि बद्धकोष्ठही. हृदय वा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास द्रव हवाच, फक्त संध्याकाळनंतरचा चहा कमी करावा. सुजलेले पाय दुपारी उंचावर ठेवल्याने रात्रीच्या फेऱ्या घटतात. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले स्नायू आवळण्याचे व्यायाम लक्ष देऊन करू शकणाऱ्या बाईला उपयोगी पडतात. स्मृती गेलेल्या बाईसाठी दर दोन तासांनी ‘आजी, लघवीला जाऊन यायचं का?’ असे विचारून नेणे आणि कोरडी राहिल्यास कौतुक करणे ही साधी पद्धत चांगली लागू पडते. मात्र ती रोज पाळणारे माणूस लागते. ही पद्धत सोडली की गुणही जातो.

योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने फायदा होतो. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन मात्र त्रास वाढवते. घाईच्या गोळ्यांमध्ये ऑक्सिब्युटिनिनसारख्या, मेंदूवर परिणाम करणाऱ्या जुन्या वर्गापेक्षा मिराबेग्रॉन बरे, पण रक्तदाब फार वाढलेला असल्यास तेही नको. अंग बाहेर येत असल्यास योनीत आधाराची रिंग बसवता येते. शस्त्रक्रिया दुर्बल स्त्रीसाठी क्वचितच. लघवीसाठी कायमची नळी हा शेवटचा मार्ग आहे. ‘सांभाळायला सोपे’ म्हणून ती घालणे हा आळस, आणि संसर्गाला आमंत्रण. डायपर वा जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वापरायला हरकत नाही. ओले झाले की लगेच बदलावे, त्वचा धुऊन टिपून कोरडी करावी आणि व्हॅसलिन लावावे.

लघवीतून रक्त येणे, पोट फुगून लघवी अडणे, किंवा पायांतील बळ जाऊन अचानक ताबा सुटणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.