चौकटीतला काळा माणूस

लहानपणी आम्ही वेताळ वाचायचो. इंद्रजाल कॉमिक्स, मराठी, रद्दीवाल्याकडून आणलेलं. शेवटचं पान बहुधा फाटलेलंच. मग खेळ सुरू व्हायचा. जो तो वेताळ. विषारी बाण मारणारी जंगलातली बुटकी माणसं व्हायला कुणी तयार नाही. आम्ही गावकुसाबाहेरची पोरं, आणि कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा आमचा हिरो! त्याच्या भोवती उभे असलेले काळे आम्हाला दिसतच नव्हते. असं का झालं, म्हणून या चित्रपट्ट्यांचा इतिहास उलटा वाचत गेलो.

ली फॉक या अमेरिकन लेखकानं 1934 साली 'मँड्रेक' आणि 1936 साली 'फँटम', म्हणजे आपला वेताळ, वर्तमानपत्रांतून सुरू केला. मँड्रेकचा सोबती लोथार. आफ्रिकेतला राजपुत्र, राज्य सोडून जादूगाराच्या मागं आलेला. अंगात हत्तीचं बळ, पण अंगावर बिबट्याचं कातडं आणि तोंडात मोडकी भाषा. राजपुत्र असून नोकर! गोऱ्या वाचकाला यात काही खटकलं नाही. त्याच्या घरात, बसमध्ये, हॉटेलात हीच मांडणी होती. चित्रानं फक्त ती गिरवली.

1965 पासून फ्रेड फ्रेडरिक्स मँड्रेक काढू लागला. कातडं गेलं, लोथार नीट बोलू लागला, नोकराचा मित्र झाला. चित्रकाराला एका रात्रीत उपरती झाली काय? मुळीच नाही. 1955 साली माँटगोमेरीतल्या काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला. 1963 साली वॉशिंग्टनवर लाखांचा मोर्चा गेला. 1964 साली नागरी हक्कांचा कायदा झाला. रस्त्यावर माणसं चालली, तेव्हा कागदावरचं कातडं गळालं.

याच 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स आपल्याकडं आलं. इथल्या वाचकांची मनं दुखावू नयेत म्हणून बेंगालाचं डेंकाली केलं, सिंग चाच्यांचं सिंगा केलं. नावं बदलली. सिंहासनावर कोण आणि खाली कोण, हे मात्र तसंच राहिलं. त्यावर कुणाचं मन दुखलं नाही, कारण ही उतरंड आपल्याला घरचीच!

एप्रिल 1968. मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेनं 'पीनट्स'च्या चार्ल्स शुल्झला पत्र लिहिलं: तुमच्या पोरांत एक काळा पोरगा घ्या. शुल्झ कचरला. आपण उपकार केल्यासारखं दिसेल, असं त्याला वाटलं. पत्रव्यवहार चालला आणि 31 जुलैला फ्रँकलिन आला. समुद्रकाठी चार्ली ब्राऊनचा चेंडू परत देणारा. पुढं तो गोऱ्या पोरांबरोबर एका वर्गात बसला, तर दक्षिणेतल्या एका संपादकाला ते सोसेना. शुल्झ हटला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

पण 1973 साली 'पीनट्स'चा टीव्हीवरचा कार्यक्रम आला. सणाचं जेवण. टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन एकटा. शेजारी कुणी नाही. काढणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण मला ते चित्र बघून गावातल्या लग्नातली आमची पंगत आठवली. वाढणारा हसून वाढायचा, लांबून. प्रवेश मिळाला म्हणजे शेजार मिळाला असं नसतं.

म्हणून दुसरी रांग बघू. जॅकी ऑर्म्स ही काळी बाई 1937 साली 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वर्तमानपत्रात 'टॉर्ची ब्राऊन' काढत होती. टॉर्ची स्टेशनवर गोरे आणि काळे अशा पाट्या बघते, वाचता येत नसल्याचं सोंग घेते आणि सरळ गोऱ्यांच्या बाजूला जाते! लोथार कातड्यात उभा होता, त्याच काळात ही पोरगी व्यवस्थेला वेड्यात काढत होती. तिला कुणाच्या दयेची वाट बघावी लागली नाही, कारण पेन तिचं होतं आणि पेपरही आपल्या माणसांचा होता. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' का काढला, याचं उत्तर यातच आहे.

1965 साली ओकलंडच्या मॉरी टर्नरनं 'वी पाल्स' सुरू केली. सगळ्या रंगांची पोरं एकत्र. सुरुवातीला मोजक्याच पेपरांनी ती घेतली. किंगच्या खुनानंतर मात्र मागणी धडाधड वाढली. काळ्या चित्रकाराच्या हसऱ्या पोरांना जागा मिळायला एवढं रक्त सांडावं लागलं. त्याच ओकलंडमध्ये 1966 साली ब्लॅक पँथर उभी राहिली, जिचं नाव 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी उचललं.

मित्रांनो, समाजाची दृष्टी आपोआप बदलत नाही. ती बदलायला लावावी लागते. आणि बदलली तरी दुसऱ्याच्या चौकटीत आपल्याला बसायला कोपराच मिळतो. आपल्या वस्तीत भिंतीवर कोळशानं चित्रं काढणारी पोरं आहेत. त्यांच्या हातात कागद द्या. चौकट त्यांनाच आखू द्या.

जयभीम.