फासा नव्हे, बेहडा

'अक्ष' म्हटले की डोळ्यांपुढे ठिपक्यांचा फासा येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तातले अक्ष मात्र बेहड्याची फळे आहेत. त्यांवर ठिपके नाहीत. अभ्यासकांनी लावलेली खेळाची रीत अशी: राशीतून मूठभर फळे उचलायची, चाराचारांनी मोजायची. बाकी शून्य तर कृत, तीन त्रेता, दोन द्वापर, एक कली. (युगांची नावेही हीच!)

महाभारतातील नलोपाख्यानाचे एक कोडे मला इथे सुटलेले दिसते. ऋतुपर्ण राजा रथातूनच झाडाची पाने-फळे किती ते सांगतो, नळ खाली उतरून मोजतो, आकडा जुळतो. मग राजा त्याला अक्षविद्या देतो. झाड बेहड्याचेच का? कारण कसब हाताचे नव्हते, नजरेने झटपट मोजण्याचे होते. नळाच्या अंगातून निघालेला कलीही त्याच झाडात शिरतो.