कात्रपला जर्दाळू का नाही?

परदेशातल्या पुतणीने विचारले, "काका, अंगणात जर्दाळू का लावत नाही?" उत्तर सगळ्यांसाठीच लिहितो.

जर्दाळू हा शब्द फारसी. 'जर्द' म्हणजे पिवळा, 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्यासारखे फळ. रोमन लोकांना ते आर्मेनियाचे वाटले, म्हणून शास्त्रीय नावात 'आर्मेनियाका' येऊन बसले. खरे मूळ चीन आणि मध्य आशियाकडचे. आपल्या घरांत जर्दाळू आला तो सुका मेवा म्हणून. झाड मात्र हिमालयातच राहिले. हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत. कात्रपला जानेवारीतही स्वेटर पहाटेपुरताच!

आपले झाड जांभळाचे. लडाखच्या 'रक्तसे कार्पो' जर्दाळूला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे गेली आणि मुंबई बदलापूरच्या जवळ आली. पुढे त्याच रेल्वेच्या सोयीने इथे वस्ती वाढली, शेतांच्या जागी इमारती आल्या आणि झाडे कमी झाली. मानांकन फळाला मिळाले, पण झाडच नसेल तर फळ कुठून येणार?

म्हणून अंगण असेल त्यांनी जूनमध्ये जांभळाचे एक कलम लावावे. बी लावली तर फळाला आठ-दहा वर्षे, कलमाला त्याहून कमी. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे, बुंध्याशी पालापाचोळा टाकावा. पुढचे आपला पाऊस बघतो.