लागू, श्रीराम बाळकृष्ण

(१६ नोव्हेंबर १९२७–१७ डिसेंबर २०१९). मराठी रंगभूमी व चित्रपट ह्या क्षेत्रांतील श्रेष्ठ अभिनेते. जन्म सातारा येथे. वडील डॉक्टर. शिक्षण पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय येथे. कान, नाक व घसा ह्यांच्या शस्त्रक्रियेचे विशेष शिक्षण घेऊन त्यांनी पुण्यात आणि पुढे टांझानियातील टबोरा येथे व्यवसाय केला. मधल्या काळात कॅनडा व इंग्लंड येथेही ते शिक्षणासाठी राहिले.

महाविद्यालयीन नाटकांतून लागलेली अभिनयाची गोडी त्यांनी व्यवसाय सांभाळून जोपासली. भालबा केळकरांच्या सहवासात ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ ह्या हौशी संस्थेत त्यांची खरी घडण झाली. वसंत कानेटकरांच्या वेड्याचं घर उन्हात ह्या नाटकातील त्यांची भूमिका जाणकारांनी वाखाणली होती. तथापि पोट भरण्याचे साधन शस्त्रक्रिया हेच होते. १९६९ मध्ये, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ते सोडले आणि कानेटकरांच्याच इथे ओशाळला मृत्यू ह्या नाटकाद्वारे ते पूर्णवेळ व्यावसायिक नट झाले. ह्या वयात बहुतेक नटांची कीर्ती स्थिरावलेली असते. लागूंना जमलेला व्यवसाय मोडून ती मिळवावयाची होती. पुढच्याच वर्षी कुसुमाग्रजांच्या नटसम्राट मधील गणपतराव बेलवलकर त्यांनी उभा केला. किंग लिअरची आठवण देणारी ही वृद्ध नटाची भूमिका तरुण नटाला क्वचितच पेलली असती. तिचा शारीरिक व मानसिक ताण मोठा होता. त्याच सुमारास त्यांनी तेंडुलकरांचे वादग्रस्त गिधाडे दिग्दर्शित केले.

चित्रपटात यश आले ते व्ही. शांताराम ह्यांच्या पिंजरा (१९७२) मुळे. ह्याचे मूळ द ब्लू एंजल (१९३०) ह्या जर्मन चित्रपटात आहे. तेथील प्राध्यापकाची भूमिका करताना एमिल यानिंग्ज हा जगप्रसिद्ध नट होता. लागूंचा चेहरा मात्र चित्रपटाच्या प्रेक्षकाला जवळजवळ अपरिचित होता. तमाशातील नर्तकीच्या मोहात पडलेला आदर्शवादी मास्तर लोकांच्या लेखी मृत ठरतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जातो. हे अधःपतन लागूंनी आक्रस्ताळेपणा न करता, देहबोलीतील हळूहळू येणाऱ्या लाचारीतून दाखविले. जब्बार पटेल ह्यांच्या सामना मध्येही ते मास्तरच आहेत, पण निराळ्या जातीचे : व्यसनाने खचलेला हा गांधीवादी वृद्ध पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीच्या सत्ताधाऱ्याला (निळू फुले) एकाच प्रश्नाने हैराण करतो. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला. देवकीनंदन गोपाला (१९७७) मध्ये त्यांनी गाडगे महाराजांची भूमिका केली. स्वतः निरीश्वरवादी असलेल्या नटाने ती केली, हे विशेष.

हिंदीत त्यांनी शंभराहून अधिक चित्रपट केले. त्यांतील बहुसंख्य वडील, डॉक्टर व न्यायाधीश ह्यांच्या ठरीव भूमिका त्यांच्या योग्यतेच्या नव्हत्या. घरौंदा (१९७७) हा अपवाद. त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ॲटनबरो ह्यांच्या गांधी (१९८२) मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले होते.

नट हा लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत पोहोचविणारा वाहक, ही त्यांची धारणा लमाण ह्या आत्मचरित्राच्या शीर्षकातच आहे. सत्तरी उलटल्यावर सूर्य पाहिलेला माणूस मध्ये त्यांनी सॉक्रेटीस रंगविला. पद्मश्री (१९७४) व संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. पुणे येथे त्यांचे निधन झाले.