कोंबड्यांच्या पायाखालची जमीन

सह्याद्रीच्या रानात राखी रानकोंबडा दिवसभर ज्या भूमीवर पाय चालवतो ती भूमी कधीच उघडी नसते. वर कोरडा पाचोळा, त्याखाली कुजत चाललेला ओलसर थर, त्यात किडेमुंग्या आणि बिया, आणि सर्वांच्या तळाशी माती अशी तिची रचना असते, व पक्षी एका जागी फार काळ राहत नसल्यामुळे ती मलिन होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माणसाने या कुळातील पक्षी पाळले आणि पुढे त्यांना कुंपणाआड घेतले, तेव्हापासून त्यांच्या पायाखाली काय असावे याची चिंता त्याच्या शिरावर आली. कोंबड्यांच्या जाती, खाद्य आणि औषधपाणी यांविषयी विपुल लेखन झाले. या जमिनीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही, आणि माझ्या मते कुक्कुटपालनाच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण तेथेच आहे.

रोमन साम्राज्यातील कृषिलेखक कोलुमेला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर बारा भागांचा ग्रंथ रचला. त्याच्या आठव्या भागात तो सांगतो, की आवारात जेथे जेथे छप्पर असेल तेथे भिंतींच्या कडेने कोरडी धूळ आणि राख घालून ठेवावी, म्हणजे पक्ष्यांना त्यात अंग घोळता येईल. धुळीत लोळून कोंबडी आपल्या पिसांतील उपद्रवी जीव झाडून टाकते. ही तिची गरज आहे, चाळा नव्हे, हे त्याने ओळखले होते. आपल्याकडील खेड्यांत मात्र हा प्रश्न कधी तीव्र झालाच नाही. कोंबडी रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात आणि दिवसा उकिरडा, खळे, गोठा, परस अशी सर्वत्र मोकळी, त्यामुळे खुराड्याच्या तळाशी चुलीतली राख पसरली की काम भागत असे.

प्रश्न बिकट झाला तो शहरांच्या लहान परसांत. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कृषिखात्याने नागरिकांनी घरोघरी कोंबड्या पाळाव्यात अशी मोहीम काढली, भित्तिपत्रके लावली, आणि घरातील माणशी दोन कोंबड्या असल्या की कुटुंबाला ताजी अंडी मिळतील असा हिशेब मांडला. हिशेब बरोबर होता; पण चार हात जागेत सात-आठ कोंबड्या कोंडल्या की काही आठवड्यांत गवताचे पाते उरत नाही, आणि पाऊस झाला की त्या जागी दुर्गंधी चिखल होतो. त्यावर तजवीज एवढीच, की माती वरचेवर फावड्याने उलटावी आणि जमल्यास आवाराचे दोन भाग करून, एकात पक्षी असताना दुसऱ्यात ओट किंवा राय यांसारखे धान्य पेरावे. उपाय शहाणपणाचा होता, पण ज्याच्यापाशी मुळातच जागा तोकडी त्याला दुसरा भाग आणायचा कोठून?

त्यातच रक्ती हगवणीचे भय होते. या रोगाच्या सूक्ष्म परजीवींचा सविस्तर अभ्यास हार्वर्डच्या अर्नेस्ट टायझर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. परजीवीची बीजे विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा ती निरुपद्रवी असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली म्हणजे दोन-एक दिवसांत ती रोगकारक बनतात. यावरून साहजिक निष्कर्ष निघाला, की खुराड्याच्या तळाशी अंथरलेली भुशासारख्या सामग्रीची गादी सतत काढून टाकावी, फरशी घासावी, नाहीतर पक्ष्यांना जाळीवरच ठेवावे आणि मातीशी त्यांचा संबंधच तोडावा.

अमेरिकेतील ओहायो राज्यात वूस्टर येथील कृषि प्रयोगकेंद्रात डी. सी. केनर्ड आणि व्ही. डी. चेंबर्लिन यांनी १९४०च्या दशकात नेमकी उलट वाट धरली. त्यांनी जुनी गादी काढली नाही. तिच्यावरच नवी भर घालत, ती चाळवत आणि तीत विरवलेला चुना मिसळत थर वाढू दिला. वारंवार साफ होणाऱ्या खुराड्यांपेक्षा अशा जुन्या गादीवर वाढलेल्या पिल्लांत रक्ती हगवणीची मरतूक कमी आढळली. परजीवी अल्प प्रमाणात पोटात जाऊन पिल्लांच्या अंगी प्रतिकारशक्ती येते, आणि गादीतील असंख्य सूक्ष्म जीव परजीवीच्या बीजांना सुखाने नांदू देत नाहीत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. याहूनही विस्मयकारक हकीकत पुढेच आहे. मासळी, मांस, दूध यांचा अंशही नसलेल्या खाद्यावर ठेवलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतून एरवी पिल्ले नीट निघत नसत; जुन्या गादीवरील कोंबड्यांच्या अंड्यांतून मात्र ती निघू लागली. कोंबड्या आपल्या पायाखालून काहीतरी वेचून खात होत्या, आणि ते काहीतरी वनस्पतींत नव्हते. १९४८ मध्ये केनर्ड, बेथके आणि चेंबर्लिन यांनी हे निष्कर्ष छापले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत व इंग्लंडात स्वतंत्रपणे ब-१२ जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक हाती आले. ते जीवनसत्त्व बनवणारे जिवाणू त्या गादीत वाढत होते. घाण म्हणून जी वस्तू आजवर फेकली जात होती ती पोषणाचे भांडार ठरली, याचे मला आजही नवल वाटते.

ही गादी पद्धत स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे आली ती आपल्या मातीतील सामग्री घेऊन: भाताच्या मुलखात तूस, भुईमुगाच्या मुलखात टरफले, वखारीजवळ लाकडाचा भुसा. आरंभी चार ते सहा इंच थर, दाताळ्याने नित्य हलवणे, आणि मुठीत दाबल्यावर गोळा न होता ती भुरभुरीत राहते की नाही हे पाहणे, एवढ्यावर तिचे आरोग्य अवलंबून असते. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास सुटला, तर गादी ओली झाली आहे किंवा पक्षी दाटले आहेत असे खुशाल समजावे.

परंतु छपराखालचे उघड्या परसाला जसेच्या तसे लागू करण्याची चूक पुष्कळ जण करतात. कोकणातल्या पावसात उघड्यावर टाकलेले तूस पाणी धरून बसते, त्यात हवा खेळत नाही आणि ते कुजून आंबते. वाळू लवकर निथळते व झाडायला सोपी, पण तीत जीवसृष्टी वाढत नाही, म्हणून तिचा उपयोग मी पाणी साचणाऱ्या कोपऱ्यापुरताच मानतो. उघड्या भागात झाडांच्या फांद्यांच्या जाड ढलप्या आणि पाचोळा पसरावा: त्यांतून पाणी खाली जाते, वरचा थर लवकर सुकतो, आणि कोंबड्या तो आपल्या पायांनी स्वतःच उलटत राहतात. राखेचा आणि धुळीचा कोलुमेलाचा कोपरा मात्र छपराखालीच ठेवावा लागतो. वर्षाअखेरीस जे निघते ते ताजे पिकाच्या मुळाशी घातल्यास मूळ जळते. दोन-चार महिने ढिगात मुरवले, तर मळ्याच्या कामी येते. महाराष्ट्रातील बागायतदार हे कोंबडखत आज पैसे मोजून नेतात.