निरोपासाठी उभे राहण्याची जागा

गेल्या पंधरवड्यात चिरंजीवांनी आमच्या हाती नवा स्मार्टफोन ठेवला, आणि ज्याने उणीपुरी पस्तीस वर्षे सरकारी दप्तरात दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालविली त्या मनुष्यास सेवानिवृत्तीनंतर प्रथमच पुन्हा खुर्चीवर बसल्यासारखे वाटले. कारण बदलापूरच्या शिरगावातील आमच्या गॅलरीत, कपातला चहा निवण्यापूर्वीच, ते यंत्र आमच्याकडे एकामागून एक अर्ज करू लागले. संपर्कसूची पाहण्याची परवानगी असावी, छायाचित्रे पाहण्याची असावी, ध्वनी ऐकण्याची असावी; आणि सर्वांत आग्रहाने, आपण कोठे आहात हे जाणण्याची परवानगी असावी. बाकीचे अर्ज आम्ही मंजूर केले. या शेवटच्या अर्जापाशी मात्र बोट थबकले. ‘आजोबा, अनुमती द्या दाबा ना,’ असे नातवाने दोनदा सांगितले, तरी मन भलत्याच हिशेबात गुंतले होते. निरोप धाडण्यासाठी मनुष्यास आजवर कोठे कोठे जाऊन उभे राहावे लागले याचा तो हिशेब होता. आणि पूर्वीच्या साधनांना असला प्रश्न विचारण्याची गरज का पडली नाही हेही त्यातच उलगडत होते. ती साधने जागची हलत नसत, आपणच त्यांच्या दारी जात असू.

आमच्या गावाचे नाव हेच या हिशेबातले पहिले कलम. दौडीवरच्या स्वारांनी थकलेले घोडे येथे बदलावेत म्हणून हे बदलापूर, अशी जुनी समजूत आहे. ग्रामनामांच्या व्युत्पत्तीत लोकांच्या जिभेवर फार विसंबू नये हे खरे; पण कल्याणसारखे बंदर एका अंगाला आणि सह्याद्रीचे घाट दुसऱ्या अंगाला असता मधल्या मुक्कामी ताजे जनावर लागणारच, तेव्हा ही दंतकथा खोटी असली तरी अडाणी नाही. त्या काळी खलिता जासुदाच्या कमरेला असे, आणि ज्याला निरोपाची वाट पाहावयाची तो वाटेवर डोळे लावून बसे.

पुढे लोखंडी रस्ता आला. 1853 मध्ये बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत, 1854 मध्ये कल्याणपर्यंत आणि 1856 मध्ये आमच्या शिवेवरून थेट खोपोलीपर्यंत आगगाडी धावू लागली, तेव्हा घोडे बदलण्याचे प्रयोजन सरले आणि नाव तेवढे शिल्लक राहिले. 1855 मध्ये विद्युत्तार सर्वसामान्यांना खुली झाली. ही तार मोठी चमत्कारिक वस्तू: तिचा मजकूर वाचण्याआधीच घरातील बायका रडू लागत. जुलै 2013 मध्ये सरकारने ती बंद केली, त्यावेळी आमच्या घरी कुणाला त्याचे सोयरसुतकही नव्हते.

दूरध्वनीचे विनिमयकेंद्र मुंबईत 1882 मध्येच सुरू झाले होते. आमच्या वाट्याला तो आला तो शेजाऱ्याच्या कृपेने. त्या दिवसांत नावाच्या कार्डावर आकड्यांपुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे छापण्याचा प्रघात होता, आणि त्यांचा सरळ अर्थ असा की हा फोन आमचा नव्हे, समोरच्यांचा आहे, कृपया हाक मारण्यास सांगावे. हाक आली की सदऱ्याची गुंडी लावीत धावावयाचे, चपला बाहेर काढावयाच्या, आणि ज्यांच्या दिवाणखान्यात उभे राहून बोलावयाचे ते यजमान वर्तमानपत्रात डोके घालून सगळे ऐकत आहेत हे ठाऊक असून मुलीच्या सासरची हकिगत दबल्या आवाजात विचारावयाची. स्वतःच्या फोनसाठी अनामत भरून वर्षानुवर्षे यादीत तिष्ठणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

त्यानंतरची जागा म्हणजे पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ. रोज सकाळी लोकल धरून मुंबईस चाकरीला जाणारे आम्ही लोक दूरध्वनी खात्याच्या लेखी मात्र परगावचे होतो. आमचा संकेतांक 0251, मुंबईचा 022. पुढे नव्या शतकाच्या आरंभी शून्याऐवजी पंच्याण्णव फिरवा असे फर्मान निघाले, तेव्हा परकेपणा थोडा स्वस्त झाला इतकेच. रात्री अकरानंतर दर चौथाईवर येई (मराठी राज्याचा हा शब्द शेवटी टेलिफोनच्या बिलात जिवंत राहिला, याची आम्हांस मौज वाटे), म्हणून जेवणे उरकून मंडळी त्या काचेच्या पेटीबाहेर रांगेत उभी राहत. आत बोलणाऱ्याची नजर समोरच्या मनुष्यावर नसे, भिंतीवरच्या तांबड्या आकड्यांवर असे. आणि आकडा पुढे सरकला की आईची विचारपूस मध्येच तुटे. बाहेर आल्यावर लहानसे यंत्र टकटक करीत पावतीची चिठोरी ओकी.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातले पहिले भ्रमणध्वनी संभाषण केले. हा फोन खिशात मावला, पण उभे राहण्याची कटकट संपली नाही: रेंज मिळावी म्हणून आम्ही गच्चीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात, टाकीला टेकून, पावसात छत्री धरून बोललो आहोत. 2003 पर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडत. मराठीत संदेश लिहावा तर निराळाच जाच. रोमन लिपीत एका संदेशात 160 अक्षरे बसत, देवनागरीत अवघी 70, आणि काना-मात्रा-वेलांट्यांचीही त्यांतच मोजदाद होई. म्हणून ‘सुखरूप पोहोचलो’ हे वाक्य एक पिढीभर परक्या लिपीत प्रवास करीत राहिले.

नव्या फोनाने हे उणे भरून काढले. गूगलने 2017 मध्ये मराठी उच्चार ऐकून लिहिण्याची सोय केली, ती आम्ही परवा प्रथम वापरून पाहिली. यंत्रासमोर घसा साफ करून आम्ही कोर्टात जबानी द्यावी तसे सावकाश बोललो, आणि अक्षरे उमटताना पाहून, सांगण्यास संकोच वाटतो, मजकूर विसरलो. कारकुनास तोंडी मजकूर सांगण्याचा मान नोकरीत असताना आमच्या वाट्यास कधी आला नव्हता. ‘कुळगाव’मधला ळ त्याने बिनचूक उतरविला; तेवढ्यावरून आम्ही त्याच्या अर्ध्या चुका माफ केल्या. नकाशाने मात्र फजिती केली. ‘शिरगाव’ म्हणताच त्याने आमच्यापुढे मावळातले शिरगाव ठेवले, जेथे लोक प्रतिशिर्डीच्या दर्शनास जातात. एका नावाची इतकी गावे कोकणात आणि देशावर आहेत की यंत्राला दोष देता येत नाही. तरी गॅलरीत बसलेल्या मनुष्याला स्वतःच्या गावाचा रस्ता घाटापलीकडून दाखविला जावा, हे जिव्हारी लागले. तेव्हा कोठे आम्ही ती स्थानाची परवानगी दिली, आणि निळा ठिपका मुकाट्याने आपटेवाडीच्या बाजूस येऊन बसला.

त्या ठिपक्याची थट्टा करवत नाही. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान वेढली गेली, त्यावेळी सुमारे 1,050 उतारू डब्यांत अडकले होते. चहूकडे पाणी, खाली उतरण्यास भूमी नाही. पण त्यांनी फोनवर टिपलेली दृश्ये घरोघर पोहोचली, आणि बचावपथकाच्या होड्या येईपर्यंत आम्ही इकडे तीच पाहत बसलो होतो. निरोपासाठी कोठेही जाणे शक्य नसलेल्या त्या माणसांना या वेळी कोठे जावे लागले नाही.

काल स्थानकावर या फोनावरूनच तिकीट काढून पाहिले. फलाटावर उभे राहून बटण दाबले, तो नकार आला. गाडीत चढून तिकीट काढणाऱ्या फुकट्यांचा बंदोबस्त म्हणून रुळांच्या इतक्या जवळून ते निघत नाही, असे नातवाने सांगितले. ‘आजोबा, बाहेर रिक्षांपाशी जाऊन उभे राहा.’ कल्याणची गाडी समोर लागली होती. आम्ही जिना चढलो, पलीकडे उतरलो, वडापावच्या गाडीशेजारी जाऊन उभे राहिलो, आणि तेथे तिकीट निघाले.