सीईटीची तयारी : पुस्तके आणि क्लास निवडताना

दहावीचा निकाल लागला, की क्लासच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. मात्र क्लासआधी परीक्षा कोणती द्यायची, हे निश्चित व्हायला हवे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठीची एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन यांची प्रकृती भिन्न आहे. सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे! उत्तर चुकल्यास गुण वजा होत नाहीत. जेईई मेनमध्ये ते होतात. त्यामुळे 'जेईईचा क्लास लावला, की सीईटी आपोआप होते' हा समज अर्धाच खरा. १८० मिनिटांत १५० प्रश्न सोडवण्याचा वेग स्वतंत्रपणेच कमवावा लागतो.

सीईटीसाठी पहिले पुस्तक बालभारतीचेच. बारावीच्या अभ्यासक्रमाचा भार मोठा असला, तरी अकरावीचे निवडक घटकही त्यात असतात. चार जाडजूड प्रश्नसंच घेण्यापेक्षा एकच पूर्ण सोडवलेला बरा. २०१९ पासून परीक्षा संगणकावर होत असल्याने सरावही पडद्यावरच करावा.

क्लासचे शुल्क एकरकमी भरण्याची घाई करू नये. विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उर्वरित काळाचे शुल्क दहा दिवसांत परत द्यावे, असे केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तथापि, हा केवळ सूचनांचा आधार आहे. परताव्याची अट पावतीवर लेखी घेतलेली असावी. समुपदेशकाने तोंडी दिलेली हमी नंतर कोणी ओळखत नाही.